जीवभौतिकी शिकायची तर गणितही ठेवा, जीवशास्त्रही ठेवा

विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी असलेल्या आपल्या या मालिकेत आजचा विषय आहे जीवभौतिकी, म्हणजेच बायोफिजिक्स.

दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेकडे निघालेल्या मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास येतो. गणित ठेवायचं की बायोलॉजी? डॉक्टर व्हायचंय ना, मग गणिताचा ताप कशाला? इंजिनिअर व्हायचंय ना, मग त्या आकृत्या कशाला काढायच्या? चहा संपायच्या आत निर्णय होतो. त्या निर्णयाने काही दारं बंद होतात, आणि ती बंद झाली हे चार-पाच वर्षांनी कळतं. जीवभौतिकी हे त्यांतलं एक दार.

आधीच सांगून टाकते, मी स्वतः अकरावीत गणित सोडलं होतं. त्याचं पुढे काय झालं, तेही आज सांगणार आहे. पण आधी हा विषय आहे तरी काय ते बघू.

लोणचं मुरायला वेळ का लागतो?

लिंबाचं लोणचं घालताना आई लिंबाच्या बारीक फोडी का करते? लवकर मुरावं म्हणून. अख्खं लिंबू मिठात टाकलं तर मीठ आतपर्यंत पोचायला कितीतरी जास्त दिवस लागतात. हे आपल्याला अनुभवाने माहीत असतं. जीवभौतिकी विचारते, किती जास्त?

पाण्यातला प्रत्येक कण आजूबाजूच्या कणांचे धक्के खात असतो. जत्रेच्या गर्दीत आपण चार पावलं पुढे जातो, दोन मागे येतो, एक बाजूला ढकलले जातो, तसंच. अशा धक्क्यांनी पसरण्याला विज्ञानात विसरण म्हणतात. त्याचा नियम असा, की अंतर दहापट झालं तर वेळ दहापट लागत नाही, शंभरपट लागतो. अंतराच्या वर्गाच्या पटीत वेळ वाढतो.

आता मिठाच्या जागी ऑक्सिजन घ्या आणि लिंबाच्या जागी आपलं शरीर. पाण्यात ऑक्सिजन किती वेगाने पसरतो हे मोजलेलं आहे. त्यावरून ढोबळ हिशेब केला तर एका पेशीएवढं अंतर, म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग, ओलांडायला त्याला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. एक मिलीमीटरला साधारण चार मिनिटं. एक सेंटिमीटरला जवळजवळ सात तास. आणि एक मीटरला? सुमारे आठ वर्षं!

म्हणजे नाकातून घेतलेला ऑक्सिजन नुसता मुरत मुरत पायाच्या बोटापर्यंत जायचा म्हटला, तर आज घेतलेला श्वास आठ वर्षांनीही पोचणार नाही. म्हणून आपल्याला हृदय लागतं. म्हणून रक्तवाहिन्यांचं इतकं बारीक जाळं लागतं, की शरीरातली बहुतेक प्रत्येक पेशी कुठल्यातरी केशवाहिनीपासून मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच असते. आणि म्हणूनच ज्या चपट्या कृमींना रक्तवाहिन्या नाहीत ते चपटे असतात. जाड झाले तर आतल्या पेशी गुदमरतील.

बघा, हृदयाची आकृती आपण जीवशास्त्राच्या वहीत काढली. विसरण भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात शिकलो. वर्ग आणि वर्गमूळ गणितात. पण हृदय का असतं, या प्रश्नाचं उत्तर या सगळ्या वह्या एकत्र उघडल्याशिवाय मिळालं नाही. जीवभौतिकी म्हणजे हेच. सजीवांच्या बाबतीत ‘काय असतं’ याच्या पुढे जाऊन ‘असंच का, आणि किती’ हे मोजून विचारणं.

पेशीच्या पडद्यावरची वीज

दुसरं उदाहरण. आपल्या मज्जापेशीच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबात सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणजे हा फरक त्याच्या विसाव्या भागाएवढाही नाही. ऐकून वाटतं, किरकोळ आहे. पण पेशीचा पडदा किती पातळ असतो? सुमारे ५ नॅनोमीटर. एका मिलीमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले पाच. आता भागाकार करा. एक मीटरला जवळपास १ कोटी ४० लाख व्होल्ट! मोकळ्या हवेत मीटरला ३० लाख व्होल्टच्या आसपास ताण गेला की ठिणगी पडते. तुमच्या डोक्यातला प्रत्येक मज्जातंतू त्याच्या चौपटीहून जास्त ताण आत्ता, हे वाचतानाही, सांभाळून आहे.

मज्जातंतूतून संदेश कसा धावतो, याचं गणित ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मांडलं. त्यांनी नळमाशाच्या, म्हणजे स्क्विडच्या, जाडजूड मज्जातंतूवर प्रयोग केले आणि चार समीकरणांत तो संदेश पकडला. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलींनी हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. ती करायला त्यांना काही आठवडे लागले. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं ते वैद्यकशास्त्राचं. काम शरीराचं होतं, पण हातात अवजारं होती विजेची आणि कॅल्क्युलसची.

मद्रासचा आलेख

या विषयातलं एक मोलाचं काम आपल्या देशात झालं आहे. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन, म्हणजे जी. एन. रामचंद्रन, हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. मूळचे भौतिकशास्त्राचे. १९५२ मध्ये ते मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले, तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. त्यांनी कोलॅजेन या प्रथिनाची रचना शोधायला घेतली. त्वचा, चामडं, स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे हे सगळं ज्याचं बनलेलं असतं ते हे प्रथिन. १९५४ मध्ये गोपीनाथ कर्ता यांच्याबरोबर त्यांनी मांडलं, की कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात.

पण त्यांचं नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे ते १९६३ च्या कामासाठी. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. या साखळीची प्रत्येक कडी दोन ठिकाणी फिरू शकते, म्हणजे दोन कोन सांगितले की त्या कडीची ठेवण ठरते. आता हे कोन वाटेल ते असू शकतात का? अरुंद जिन्यातून कपाट वर नेताना काय होतं ते आठवा. सगळ्या बाजूंनी तिरकं करून बघतो, पण बहुतेक वेळा ते कुठेतरी अडतं. थोड्याच कोनांत ते वळतं. अणूंचंही तसंच आहे. प्रत्येक अणूला स्वतःची जाडी असते, दोन अणू एकमेकांत घुसू शकत नाहीत. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी हिशेब करून दाखवलं, की कोनांच्या कोणत्या जोड्या चालतात आणि कोणत्या अडतात. त्याचा जो नकाशा तयार झाला त्याला आज सगळं जग ‘रामचंद्रन प्लॉट’ म्हणतं.

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांच्या रचनांवरच्या संगणकी कामासाठी मिळालं. त्यातला अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीबद्दल. पण संगणकाने सांगितलेली रचना शक्यतेतली आहे का, हे तपासायला आजही जे पहिले निकष लावतात त्यांत रामचंद्रन प्लॉट असतोच. साठ वर्षांपूर्वी मद्रासमध्ये तयार झालेला नकाशा अजून रोजच्या वापरात आहे. १९७१ मध्ये रामचंद्रन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट सुरू केलं. या विषयात पीएचडी करू पाहणाऱ्यांचं ते आजही महत्त्वाचं ठिकाण आहे.

वर्गात प्रत्यक्ष काय शिकवतात?

एम.एस्सी. बायोफिजिक्सचा अभ्यासक्रम उघडलात तर साधारण चार गठ्ठे दिसतात. पहिला, उष्मागतिकी आणि सांख्यिकी, म्हणजे असंख्य कणांच्या गर्दीचं गणित. दुसरा, रेणूंच्या रचना: प्रथिनं, डीएनए, पेशीचा पडदा. तिसरा, बघण्याची साधनं: क्ष-किरण स्फटिकशास्त्र, एनएमआर, वर्णपटमापन, सूक्ष्मदर्शक. चौथा, संगणक: प्रोग्रॅमिंग आणि रेणूंच्या हालचालींचं अनुकरण. याशिवाय किरणोत्साराचे शरीरावर होणारे परिणाम, मज्जासंस्था, स्नायू असे विषय विभागागणिक कमीजास्त असतात.

आता माझी गोष्ट. मी बारावीला बायोलॉजी घेतलेली, बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात. एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर विसरणाचं समीकरण मांडलं आणि ते सोडवत गेले. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. एक ओळ कळली नाही. हॉस्टेलवर येऊन रडले. खोलीतली मैत्रीण भौतिकशास्त्राची पदवीधर. ती म्हणाली, “तू रडतेस कशाला? मला सकाळच्या तासाला राइबोसोम म्हणजे काय तेच कळलं नाही.” त्या रात्रीपासून आमचा करार झाला. जेवणानंतर एक तास ती मला कॅल्क्युलस शिकवणार, पुढचा एक तास मी तिला पेशी शिकवणार. मी अकरावीचं गणिताचं पुस्तक विकत आणलं आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी डेरिव्हेटिव्ह शिकले. सहा महिने गेले. दोघीही पास झालो.

म्हणजे गणित सोडलं तरी हा विषय शिकता येतो. पण ज्या गोष्टीला शाळेत दोन वर्षं आणि शिक्षक मिळाले असते, ती सहा महिन्यांत, रात्री, परीक्षेचा धाक डोक्यावर घेऊन शिकावी लागते. आणि प्रत्येकाला अशी मैत्रीण मिळतेच असं नाही.

अकरावीत काय घ्यायचं?

तुम्ही कुठल्या राज्यात आहात त्यावर हे थोडं अवलंबून आहे. महाराष्ट्रात अकरावी विज्ञानाला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात, ज्याला आपण पीसीएमबी म्हणतो. बेळगाव, धारवाडकडच्या मुलांना पीयूसीला पीसीएमबी हा गटच मिळतो. बडोदा, सुरतला गुजरात बोर्डात ‘ए’ गट गणिताचा, ‘बी’ गट जीवशास्त्राचा, पण ‘एबी’ असाही एक गट आहे, तो मागून घ्या. सीबीएसईला पाच विषयांशिवाय सहावा जादा विषय घेता येतो. इंदूर, ग्वाल्हेर, देवास इथे शाळेत मॅथ्स ग्रुप की बायो ग्रुप असंच विचारतात, आणि हैदराबादला एमपीसी की बायपीसी. तिथे दोन्ही एकत्र मिळतात का ते प्रवेशाआधी कॉलेजात विचारा. मिळत नसतील, तर माझा सल्ला गणित ठेवण्याचा आहे. जीवशास्त्र पुढे पुस्तकं वाचून पकडता येतं, गणिताचा सराव एकदा तुटला की जोडायला जड जातं.

यामागे आणखी एक व्यवहाराचं कारण आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बी.एस. करायचं, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. तिथे पुढे जीवशास्त्र हा मुख्य विषय घ्यायचा असला तरीसुद्धा. पुणे, भोपाळ, कोलकाता, मोहाली, तिरुपती, तिरुवनंतपुरम आणि बेऱ्हमपूर इथल्या आयसर संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांचे प्रश्न सारख्याच संख्येने असतात. ज्याने एक विषय सोडला, त्याने पेपरचा चौथा भाग सोडल्यासारखाच. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. शेजारच्या काकांच्या मुलाच्या वेळी काय होतं, त्यावर जाऊ नका.

पदवी कशाची घ्यायची?

‘बी.एस्सी. बायोफिजिक्स’ अशी पाटी असलेली कॉलेजं आपल्याकडे थोडी आहेत. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात ही ऑनर्स पदवी आहे. पण ती पाटी मिळाली नाही म्हणून अडत नाही. बहुतेक जण दोन वाटांनी येतात: भौतिकशास्त्रात पदवी घेऊन पुढे जीवशास्त्र शिकतात, किंवा जीवशास्त्र, जीवरसायन यांत पदवी घेऊन भौतिकशास्त्र शिकतात.

पहिल्या वाटेचं ठळक उदाहरण व्यंकटरामन रामकृष्णन यांचं. १९७१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केली, १९७६ मध्ये अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएचडी. मग त्यांना वाटलं, आपला ओढा जीवशास्त्राकडे आहे. हातात डॉक्टरेट असताना ते सॅन डिएगोच्या विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले आणि जीवशास्त्र शिकले. पेशीत प्रथिनं बनवणारा राइबोसोम अणूअणूपर्यंत कसा रचलेला असतो, या कामासाठी २००९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पदवी भौतिकशास्त्राची, प्रश्न जीवशास्त्राचा, नोबेल रसायनशास्त्राचं!

एम.एस्सी.साठी मुंबई विद्यापीठाचा जीवभौतिकी विभाग, मद्रास विद्यापीठाचा स्फटिकशास्त्र आणि जीवभौतिकी विभाग, पंजाब विद्यापीठ, दिल्लीचं एम्स ही नावं बघून ठेवा. संशोधनासाठी भारतीय विज्ञान संस्था, बंगळूरचं एनसीबीएस, मुंबई आणि हैदराबादचं टीआयएफआर, कोलकात्याची साहा इन्स्टिट्यूट आणि आयसर संस्था आहेत. यांतल्या बऱ्याच ठिकाणी भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र या दोन्ही विषयांच्या पदवीधरांना दार उघडं असतं.

नोकरीचं काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गोड करून सांगणं बरोबर नाही. ‘बायोफिजिसिस्ट पाहिजे’ अशा जाहिराती फारशा निघत नाहीत. नुसत्या बी.एस्सी.वर तर या नावाची नोकरी जवळजवळ नाहीच. सीएसआयआर-नेट परीक्षेत जीवभौतिकीचा वेगळा पेपर नाही. जीवविज्ञान किंवा भौतिकविज्ञान यांतला एक निवडून द्यावा लागतो. म्हणून एम.एस्सी.ला असतानाच आपला पेपर कोणता हे ठरवून त्याचा अभ्यास समांतर चालू ठेवा. फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, नंतर ४२,००० रुपये. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. घरच्यांना हा हिशेब सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगा.

मग हे शिकलेली माणसं जातात कुठे? संशोधन आणि अध्यापनात. औषध कंपन्यांत, जिथे औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो की नाही हे संगणकावर आणि प्रयोगशाळेत तपासतात. सूक्ष्मदर्शक, एनएमआर यांसारखी महागडी यंत्रं विकणाऱ्या आणि चालवायला शिकवणाऱ्या कंपन्यांत. जैविक माहितीच्या विश्लेषणात. ज्यांना प्रोग्रॅमिंग नीट येतं त्यांना वाटा जास्त मिळतात, हे मी विद्यार्थ्यांत वर्षानुवर्षं बघते आहे.

एक गोंधळ इथेच दूर करते. कॅन्सर रुग्णालयात किरणोपचाराची मात्रा ठरवणारे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ हे वेगळं क्षेत्र आहे. त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राची एक वर्षाची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका आहे, आणि तिथे प्रवेशाला भौतिकशास्त्राची एम.एस्सी. मागतात. मनात ते काम असेल तर पदवी भौतिकशास्त्रातच घ्या. जीवभौतिकीत एम.एस्सी. करून मग हे कळलं, की हळहळ होते.

घरी करून बघा

हा विषय आपल्याला आवडेल का, हे फुकटात तपासता येतं. पारदर्शक ग्लासात चायना ग्रासची घट्ट जेली लावा, साखर नको. वर खाण्याच्या रंगाचं गडद पाणी ओता. रंग जेलीत किती मिलीमीटर उतरला ते १, ४, ९ आणि २५ तासांनी पट्टीने मोजा. १ तासाला जेवढा उतरला, त्याच्या साधारण दुप्पट ४ तासांनी, तिप्पट ९ तासांनी, पाचपट २५ तासांनी. आकडे अगदी तंतोतंत येणार नाहीत, रंगाची कडही अंधुक असते. पण लोणच्याचा नियम तुमच्या डोळ्यांसमोर असेल.

दुसरं, इंटरनेटवर प्रोटीन डेटा बँक उघडा. १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झालेल्या या संग्रहात आज दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि सगळ्या मोफत. हिमोग्लोबिन शोधा, माउसने फिरवून बघा, लोहाचा अणू कुठे दडला आहे तो शोधा.

जेली मोजताना ‘असं का’ हा प्रश्न तुम्हाला पडला आणि उत्तर शोधताना जेवायची वेळ टळून गेली, तर हा विषय तुमच्यासाठी आहे. मग अकरावीच्या अर्जात गणितावरही खूण करा आणि जीवशास्त्रावरही. दोन वर्षं अभ्यास थोडा जास्त होईल. पण एकविसाव्या वर्षी हॉस्टेलच्या खोलीत अकरावीचं पुस्तक उघडून बसण्यापेक्षा तो खूप सोपा आहे, हे मी अनुभवाने सांगते.

भेटू पुढच्या भागात. तोवर ग्लासातला रंग मोजायला विसरू नका.